ठिपका दिसतो, पण कोणाचा?

परके विमान हद्दीत शिरले असे वाचले, की आपण रडारला दोष देऊन मोकळे होतो. यंत्र बिचारे साधे असते. रेडिओलहरी सोडायच्या, कशावर तरी आपटून त्या परत आल्या की लागलेला वेळ मोजायचा. १५० किलोमीटरवरच्या विमानाचा प्रतिध्वनी सेकंदाच्या हजाराव्या भागात परततो आणि पडद्यावर ठिपका उमटतो. तो कोणाचा, हे प्रतिध्वनी सांगत नाही.

म्हणून दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी तोड काढली. जमिनीवरून लहर गेली की आपल्या विमानातले यंत्र ठरावीक खुणेने उत्तर द्यायचे. उत्तर आले तर आपला. न आले तर? तर शत्रूच, असे नाही. वाट चुकलेला असेल, यंत्र बिघडले असेल. बँकेत जन्म काढलेल्याला हे चटकन उमगते. चेकवरची सही नमुना सहीशी जुळली नाही म्हणजे समोरचा लबाड असे नव्हे. कित्येकदा म्हाताऱ्या पेन्शनराचा हात थरथरलेला असतो. काउंटरवर ‘आजोबा, पुन्हा एकदा करा सही’ म्हणता येते. आकाशात तेवढी सवड कुठली?

१ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत हवाई दलाने ती सवड घेतलीच नाही. वाट चुकून साखालिन बेटावर आलेले कोरियन प्रवासी जंबो जेट त्यांनी अमेरिकन हेरविमान समजून पाडले. २६९ माणसे गेली.

चार वर्षांनी नेमके उलटे झाले. २८ मे १९८७ रोजी माथियास रुस्ट नावाचा १८ वर्षांचा जर्मन मुलगा हेलसिंकीहून छोटे सेसना विमान घेऊन निघाला. स्टॉकहोमला जातो म्हणाला आणि वळला मॉस्कोकडे. सोव्हिएत रडारांना तो दिसला, हे ध्यानात घ्या. लढाऊ विमानाच्या वैमानिकाने तर जवळून पाहून, पांढरे लहानसे विमान आहे, असे कळवलेही. पण कोरियन विमानाचे भूत सगळ्यांच्या मानगुटीवर. गोळी झाडण्याचा हुकूम कोण देणार? पुढे प्स्कोव्हजवळ सरावाची विमाने उडत होती. ओळखीची खूण बदलायची वेळ झाली होती आणि शिकाऊ वैमानिक ती बदलायला विसरत. तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने सरसकट सगळ्यांवर ‘आपले’ असा शिक्का मारला. त्यात रुस्टही आपला झाला! (शनिवारी बारा वाजता असे शिक्के मारणारे मी पाहिले आहेत.) त्याच्यापुढे आदल्या दिवशी एक विमान कोसळले होते, म्हणून शोधपथके हवेत होती, तिथे तो त्यांच्यातलाच एक ठरला. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी त्याच्यासाठी एक निरुपद्रवी नाव शोधून दिले. संध्याकाळी सातच्या सुमारास पठ्ठ्या क्रेमलिनजवळच्या पुलावर उतरला आणि लाल चौकाशी येऊन थांबला.

संरक्षणमंत्री सोकोलोव्ह आणि हवाई संरक्षणाचे प्रमुख कोल्दुनोव्ह यांना घरी जावे लागले. कोल्दुनोव्ह महायुद्धातले नावाजलेले वैमानिक, दोनदा ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब मिळवलेले. जगभर त्यांचे हसे झाले. मला मात्र त्या दिवशी ज्याचा हात घोड्यावरून मागे आला, त्याच्याविषयी आदरच वाटतो. चुकायचेच, तर या बाजूला चुकावे.

आणि ओळख पटूनही फसगत होतेच. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधल्या पुरुलियावर एका अँटोनोव्ह विमानातून शेकडो एके-४७ रायफली पॅराशूटने टाकल्या गेल्या. ते विमान चोरून आलेले नव्हते. वाराणसीला रीतसर इंधन भरून ते कोलकात्याकडे निघाले होते. कागद चोख, सही जुळलेली! काही दिवसांनी ते परतताना हवाई दलाने त्याला मुंबईत उतरवले. त्यातला ब्रिटिश शस्त्रव्यापारी आणि वैमानिक मंडळी पकडली गेली. पण मुख्य सूत्रधार विमानतळावरूनच निसटला आणि पुढे डेन्मार्कला पोहोचला. तिथल्या न्यायालयाने २०११ साली त्याला आपल्या ताब्यात द्यायला नकार दिला. विमानात तो किम डेव्ही होता. ते नावही खोटेच निघाले.