पदवी हाती आली, पण परवान्याचे काय?

बारावीचा आणि नीटचा निकाल लागला की सोलापुरात रिक्षांच्या मागे, क्लासच्या भिंतींवर आणि विजेच्या खांबांवर 'परदेशात एमबीबीएस करा' अशा जाहिराती झळकू लागतात. रशिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान, जॉर्जिया, फिलिपाईन्स, चीन. खाली मोबाईल नंबर आणि 'डोनेशन नाही' हे ठळक अक्षरांत. कारकुनीच्या पेशामुळे दाखले काढून देणे, अर्ज भरून देणे ही कामे आमच्याकडे आपसूकच येतात. त्यामुळे बुधवार पेठेतले, रामवाडीतले, फॉरेस्टमधले आई-बाप हे पत्रक घेऊन आमच्याकडेही येतात. विड्या वळणारी आई असते, लूमवर काम करणारे वडील असतात, कधी निवृत्तीला दोन वर्षे उरलेले शिपाई असतात. प्रश्न एकच असतो. "भाऊ, एजंट म्हणतो सहा वर्षांत पोरगी डॉक्टर होऊन येते. खरं का?"

पोरगी पदवी घेऊन येते, हे खरे. पण पदवी म्हणजे परवाना नव्हे. या एका वाक्यासाठी हा लेख आहे.

डॉक्टरकी कोणी करावी हे विद्यापीठ ठरवत नाही. ज्या देशात रोग्याला हात लावायचा, त्या देशाची वैद्यक परिषद ते ठरवते. आपल्याकडे केंद्रात राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आणि राज्यात महाराष्ट्र वैद्यक परिषद आहे. परिषदेच्या नोंदवहीत नाव चढले तरच औषधाची चिठ्ठी लिहिता येते. अशी नोंदवही मुंबई इलाख्यात १९१२ च्या कायद्याने आली. त्याआधी, १८८६ साली अमेरिकेत पदवी घेतलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी किंवा १८९४ साली विलायतेतून डॉक्टर होऊन आलेल्या डॉ. रखमाबाई यांना इथे येऊन पुन्हा परीक्षा देण्याचा प्रश्नच नव्हता.

सोलापूरकरांना परदेश आणि डॉक्टर म्हटले की भैय्या चौकातले स्मारक आठवते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या, बेथ्यून रुग्णालयाचे संचालक झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. युद्धाच्या धामधुमीत त्यांना परवाना कोण विचारणार? एका एजंटाच्या पत्रकावर आम्ही कोटणीसांचे छायाचित्र पाहिले आणि मनात म्हणालो, अहो, ते शिकून गेले होते, शिकायला नव्हे!

आता आजची वाट पाहू. परदेशात एमबीबीएससाठी जाणाऱ्यालाही २०१८ पासून नीट पात्र व्हावे लागते. पात्रतेची रेषा खुल्या वर्गाला ५० पर्सेंटाइल आणि अनुसूचित जातीला ४० पर्सेंटाइल. ही पहिली फाटकी ओलांडली की एजंट 'झालं, आता काळजी नको' म्हणतो. खरी फाटके पुढे आहेत. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी आयोगाचे नवे नियम निघाले आणि त्यानंतर प्रवेश घेतलेल्या सर्वांना ते लागू आहेत. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा आणि माध्यम इंग्रजी हवे. त्यावर त्याच परदेशी संस्थेत बारा महिन्यांची आंतरवासिता हवी. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे त्या देशात तिथल्या नागरिकाला मिळतो तसा डॉक्टरकीचा परवाना आपल्या मुलालाही मिळायला हवा. परक्या विद्यार्थ्याला जो देश आपल्या भूमीवर डॉक्टर म्हणून नोंदवून घेत नाही, तिथली पदवी इथे उपयोगाची नाही. एजंटाला हाच प्रश्न आधी विचारावा. तो बगल देऊ लागला तर समजून घ्यावे.

परत आल्यावर एफएमजीई ही चाळणी परीक्षा असते. ती २००२ पासून आहे. वर्षातून दोनदा होते, एका दिवसात दोन सत्रांत तीनशे प्रश्न असतात आणि त्यांतले दीडशे बरोबर यावे लागतात. चुकीला गुण कापत नाहीत, कितीही वेळा बसता येते. वाचायला सोपे वाटते ना? अलीकडच्या वर्षांत शंभरातले साधारण वीस-पंचवीस पास होतात. एखाद्या वेळी तिसापर्यंत गेले, तर २०२३ च्या जूनमध्ये दहाच्या आसपास आले. पोरे बुद्धीने कमी असतात असे आम्हाला वाटत नाही. परक्या भाषेतल्या रोग्याशी बोलता येत नाही, त्यामुळे वॉर्डात शिकणे पुस्तकी राहते, आणि इथली परीक्षा इथल्या अभ्यासक्रमावर असते. रशियन किंवा किर्गिझ रोग्याची तक्रार समजायला ती भाषा लागते. ती नीट शिकलेली मुले पुढे गेलेली आम्ही पाहिली आहेत.

पास झाल्यावर राज्य परिषदेची तात्पुरती नोंदणी, मग भारतातल्या मान्य रुग्णालयात बारा महिन्यांची आंतरवासिता, मग कायम नोंदणी. जागा मर्यादित, त्यामुळे रांगेत थांबावे लागते. परदेशातून आलेल्यांनाही इथल्या विद्यार्थ्यांइतकेच विद्यावेतन द्यावे असे आयोगाने २०२२ साली कळवले, तरी अनेक ठिकाणी ते मिळत नव्हते आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून जमाखर्च मांडून पाहतो. समजा बँकेने सहा वर्षांत वीस लाख दिले, दरवर्षी सारख्या हप्त्याने, व्याज दहा टक्के, तेही सरळ. शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रम आणि त्यावर साधारण एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही, पण व्याज चढतच असते. सातव्या वर्षाच्या अखेरीस हे व्याज नऊ लाख होते. म्हणजे डोक्यावर एकोणतीस लाख. नुसत्या व्याजाला महिना चोवीस हजार. आता पलीकडची बाजू पाहा. जुलैत पदवी घेऊन आलेली मुलगी डिसेंबरला परीक्षेला बसली आणि पहिल्याच झटक्यात पास झाली, तरी आंतरवासिता संपायला पुढच्या वर्षाची अखेर येते. म्हणजे सारे सुरळीत झाले तरी कायम नोंदणीच्या आधीच हप्ता दारात उभा. एकदा नापास झाली तर आणखी सहा महिने. आणि साडेसात लाखांच्या वर बँक तारण मागते. आपल्याकडे तारण म्हणजे काय असते? वडिलांचे घर, नाहीतर गावाकडची दोन एकर जमीन. हे कोष्टक एजंटाच्या पत्रकावर कधी छापलेले नसते.

आमच्या ओळखीची एक मुलगी दोनदा नापास झाली. घरात हप्त्याची नोटीस येऊ लागली, तेव्हा एका खासगी दवाखान्यात रात्रपाळीला राहिली. डॉक्टर झोपले की रोगी हीच पाहायची, चिठ्ठी मात्र त्यांच्या नावाने. मालकाला स्वस्त हात मिळाला आणि हिला महिन्याचे पैसे. पण नोंदणी नसताना रोगी तपासणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात त्याला एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सीबीआयने चाळणी परीक्षा पास न होताच नोंदणी मिळवल्याच्या आरोपावरून त्र्याहत्तर परदेशी पदवीधरांवर आणि काही राज्यांच्या वैद्यक परिषदांवर गुन्हा नोंदवला. एखाद्या कागदाने काम होईल असे कोणी सुचवले तर त्याला दारातूनच परत पाठवावे. ती मुलगी आईच्या सांगण्यावरून रात्रपाळी सोडून घरी बसली, तिसऱ्या वेळी पास झाली आणि आता आंतरवासिता करते आहे. हप्ते भाऊ भरतो. त्याचे स्वतःचे लग्न लांबले आहे.

युक्रेनचे काय झाले ते विसरून चालणार नाही. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युद्ध पेटले आणि हजारो भारतीय विद्यार्थी अर्धवट अभ्यास टाकून परतले. शेजारच्या कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्याचा एक विद्यार्थी खारकीव्हमध्ये मारला गेला. इथल्या महाविद्यालयांत त्यांना सरसकट सामावून घ्यायला आयोगाने नकार दिला. शेवटच्या वर्षाच्या मुलांना मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयामुळे इथली एमबीबीएसची परीक्षा देण्याची एक संधी मिळाली, तीही दोन वर्षांच्या आंतरवासितेच्या अटीसह. चीनमधल्या मुलांचे वर्ग कोविडच्या काळात घरी बसून झाले आणि त्यांनाही जास्तीची आंतरवासिता लागली. देश निवडताना तिथली फी पाहतो तशी तिथली शांतताही पाहावी.

उलट बाजूने, इथून शिकून बाहेर जाणाऱ्यांनाही हेच आहे. इंग्रजांनी आमच्या विद्यापीठांच्या वैद्यक पदव्यांची मान्यता १९३० साली काढली, त्याच धामधुमीतून १९३३ चा भारतीय वैद्यक परिषद कायदा आला. आज इंग्लंडला जाणाऱ्या आमच्या एमबीबीएसला इंग्रजीची परीक्षा आणि दोन टप्प्यांची प्लॅब द्यावी लागते. अमेरिकेला जाणाऱ्याने यूएसएमएलई द्यावी, मग पुन्हा रेसिडेन्सी करावी. इथे पंचवीस वर्षे प्रॅक्टिस केलेला डॉक्टरही तिथे जाऊन रेसिडेन्सीच्या रांगेत उभा राहतो. तेव्हा हा जाच केवळ आपल्याच मुलांना होतो असे नाही. रोग्याच्या जिवाचा प्रश्न आहे, चाळणी हवीच. आमची तक्रार चाळणीबद्दल नाही, ती लपवून ठेवणाऱ्यांबद्दल आहे.

मग मुलांनी डॉक्टर व्हायचेच नाही का? जरूर व्हावे. पण तीस लाखांच्या आधी घरातली वाट संपली आहे का ते पाहावे. सोलापुरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. राज्याच्या कॅप फेरीतून शासकीय किंवा खासगी महाविद्यालयात जागा मिळाली तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला समाजकल्याण खात्याकडून शिक्षण शुल्क मिळते. उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर शिष्यवृत्ती आणि वर असेल तर फ्रीशिप. थोडक्या गुणांनी जागा हुकली असेल तर एक वर्ष पुन्हा नीट देणे हे सहा वर्षांच्या कर्जापेक्षा स्वस्त पडते. केंद्राची परदेश शिष्यवृत्ती मात्र एमबीबीएसला लागू नाही, ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे. एजंट तिचे नाव घेऊन भुलवत असेल तर सावध राहावे.

आणि एक कागदी सूचना, कारण दरवर्षी इथेच घोळ होतो. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जातवैधता प्रमाणपत्र लागते. ते जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडून मिळते आणि त्याला महिने लागतात. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांचा पुरावा, जुन्या नोंदी हे सारे जमवायला वेळ जातो. मुलगा विज्ञान शाखेत अकरावीला गेला की लगेच महाविद्यालयामार्फत अर्ज टाकावा. निकाल लागल्यावर आमच्याकडे धावत येणाऱ्यांपैकी निम्मे याच कागदासाठी येतात.