महायुग आणि कल्प : कालगणनेमागील गणित

पुराणांनुसार कलियुग ४,३२,००० वर्षांचे असते. द्वापर, त्रेता आणि कृत ही युगे त्याच्या अनुक्रमे दुप्पट, तिप्पट आणि चौपट. चारही मिळून ४३,२०,००० वर्षांचे एक महायुग होते. अशी १००० महायुगे म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, अर्थात कल्प : ४३२ कोटी वर्षे. दिवसाच्या आरंभी सृष्टी निर्माण होते, रात्री लय पावते.

ज्योतिर्विदांना एवढ्या मोठ्या संख्येचा उपयोग काय? सूर्यसिद्धान्तानुसार एका महायुगात १,५७,७९,१७,८२८ दिवस आणि चंद्राच्या ५,७७,५३,३३६ प्रदक्षिणा होतात. भागाकार करून पाहा : एका प्रदक्षिणेला सुमारे २७.३२१७ दिवस. आधुनिक मूल्यही जवळजवळ हेच आहे. म्हणजे दशांश चिन्ह न वापरता सूक्ष्म अपूर्णांक पूर्णांकांत मांडता येत होते.

युगांच्या विभागणीवर मतभेदही होते. आर्यभटाने चारही युगे समान मानली. ब्रह्मगुप्ताने स्मृतींचा आधार घेऊन त्यावर टीका केली.

पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. ते ४३२ कोटींच्या जवळ आहे, म्हणून प्राचीनांना ते ठाऊक होते असा निष्कर्ष काढू नका. कल्प ही पूर्ण दिवसाची लांबी आहे. परंपरेच्याच हिशेबाने त्यातील सुमारे १९७ कोटी वर्षेच उलटली आहेत.