एका पिंजऱ्यात साखर, दुसऱ्यात दारू

जून 2025 मध्ये सरकारने उत्पादन शुल्क वाढवलं, देशीची 180 मिलीची बाटली किमान 80 रुपयांवर नेली आणि धान्यापासूनचं 'महाराष्ट्र मेड लिकर' आणलं. तेव्हापासून चर्चा एकच: तिजोरीत 14 हजार कोटी येणार की नाही? पिणाऱ्याच्या डोक्यात किती शिल्लक राहतं, हे कुणी विचारलं नाही.

आपल्याकडे ठाम समजूत आहे की खाऊन-पिऊन धडधाकट असलेल्याला दारू बाधत नाही, वाटोळं होतं ते उपाशीपोटी पिणाऱ्याचं. ही पळवाट फ्लोरिडा विद्यापीठातल्या गेरहार्ड फ्रॉइंड आणि डॉन वॉकर यांनी 1970 च्या दशकातच बंद केली. त्यांनी उंदरांना जीवनसत्त्वांसकट सकस पातळ आहार दिला. एका गटाच्या आहारात दारू, दुसऱ्याच्या आहारात तितक्याच उष्मांकांची साखर. धाराशिवच्या ऊसवाल्याला ही वाटणी वेगळी समजावून सांगायला नको. त्याच्याच उसाची साखर होते आणि मळीची दारू.

असे कित्येक महिने गेले. मग दारू बंद केली, ती पुरती उतरू दिली आणि त्यानंतर परीक्षा घेतली. इशारा झाला की पेटीच्या दुसऱ्या खणात पळायचं, नाहीतर पायाला विजेचा झटका. साखरवाले पटकन शिकले, दारूवाले मागे पडले. पोट भरलेलं होतं, नशा उतरलेली होती, तरीही! 1980 मध्ये वॉकर आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये आणखी पुढचं छापलं: पाच महिने दारू प्यायलेल्या उंदरांच्या मेंदूत, स्मरणाशी निगडित भागातल्या पेशीच घटल्या होत्या. त्या नेमक्या किती घटतात यावर नंतर मतभेद झाले. शिकण्यातला मागासपणा मात्र पुढच्या बऱ्याच प्रयोगांत दिसत राहिला.

उंदराला कर्ज नसतं, पोरीचं लग्न नसतं, हे कबूल. म्हणूनच मला शिकागोच्या ज्यूल्स मॅसरमन यांची 1940 च्या दशकातली मांजरं जास्त जवळची वाटतात. शिकवल्याप्रमाणे खाण्याची पेटी उघडली की तोंडावर हवेचा झोत यायचा. मांजरं भेदरली, खाणं सोडून बसली. त्यातली काही मग दारू मिसळलेलं दूधच पसंत करू लागली. भीती ओसरली, तशी ती पुन्हा साध्या दुधाकडे वळली.

आमच्याकडे तो झोत दर दुष्काळात येतो. दारू महाग करून तो थांबेल, असं मला वाटत नाही.

पुढच्या वेळी आमदार गावात आले, की त्या 14 हजार कोटींतले व्यसनमुक्तीसाठी किती, एवढं विचारा.