आठवा सर्व्हर

वाण्याच्या वहीत साखर दहा पोती, गोदामात नऊ. सर्व्हरांचंही तसंच होतं. कुठे कोणती आवृत्ती, कोणतं सेटिंग हवं याची नोंद असते. पण रात्री घाईत कुणी एखादी फाइल हाताने बदलतो आणि नोंद तशीच राहते.

१ ऑगस्ट २०१२. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीला आठ सर्व्हरांवर नवा कोड चढवायचा होता. सातांवर चढला, आठव्यावर राहिला. आणि दुसऱ्या कुणी पडताळलंही नाही. त्या आठव्यावर २००३ पासून न वापरलेला जुना कोड पडून होता. तो चालू करणारी खूणच नव्या कोडसाठी वापरायला घेतली होती. बाजार उघडताच जुना कोड जागा झाला, भसाभस सौदे करत सुटला. सुमारे ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरांहून अधिक तोटा! बाजार उघडण्याआधी इशारेवजा ९७ ईमेल आल्या होत्या, हे आणखी वर.

पपेटसारखं सर्व्हर सांभाळणारं साधन नोंद आणि मशीन यांचा ताळा साधारण दर अर्ध्या तासाने घेतं आणि फरक दिसला की मशीन नोंदीबरहुकूम करून टाकतं. सुरुवातीला मात्र त्याला नुसता फरक दाखवू द्यावा. कधीकधी मशीन बरोबर असतं, वहीच चुकलेली असते.