गोळीच्या आधीचं रक्त

सकाळी 6.40. पहिला फोन. "ताई, आज लेव्हलचं रक्त आहे ना, मग गोळी घेऊनच निघू का?" नाही काका, गोळी खिशात ठेवा. टॅक्रोलिमसची लेव्हल रात्रीच्या डोसनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी पोटात जायच्या आधी बघतात. रक्त दिलं की लगेच घ्या. मी पुण्यातल्या एका रुग्णालयात किडनी प्रत्यारोपणाची समन्वयक आहे. दिवसाची सुरुवात बहुतेक याच वाक्यानं होते.

7.50. रक्त द्यायची रांग. मी रांगेतच प्रत्येकाची वही मागून घेते. सकाळचं वजन, बीपी, ताप, लघवी किती झाली, एवढंच त्यात लिहायचं असतं. सोलापूर जिल्ह्यातल्या एका मुलाची वही हातात आली. वय चोवीस, आईची किडनी बसवून सात महिने झालेत. निळ्या पेनानं वजन लिहिलंय: 58.2, 58.4, 59.6, 60.5. चार दिवसांत दोन किलोंच्या वर. बीपी 150/94. मोजे खाली करायला सांगितलं. नडगीवर अंगठा दाबून उचलला, खळगा तसाच राहिला.

"त्रास काय होतोय?"

"काहीच नाही ताई. एकदम फिट आहे."

या उत्तराची मला भीती वाटते. ताप, बसवलेल्या किडनीच्या जागी दुखणं, लघवी कमी होणं ही रिजेक्शनची लक्षणं आम्ही सगळ्यांना पाठ करून घेतो. पण हल्लीच्या औषधांमुळे ती कित्येकदा दिसतच नाहीत. माणूस हिंडत-फिरत, कामावर जात असतो आणि बिघाड फक्त रिपोर्टमध्ये दिसतो.

10.30. क्रिएटिनिन 1.8. मागच्या महिन्यात 1.1 होतं. वाढलं म्हणजे रिजेक्शनच असं मात्र नाही. जुलाब झाले? लघवीला जळजळ? अंगदुखीवर दुकानातून गोळी आणली? दुसऱ्या डॉक्टरांनी नवीन काही दिलं? टीबीवरच्या रिफाम्पिसिननं टॅक्रोलिमसची लेव्हल कोसळते, तर काही अँटिबायोटिक्स आणि बुरशीवरच्या गोळ्यांनी ती चढते, आणि चढलेली लेव्हलही किडनीला घातकच. गणपतीच्या दिवसांत मी पपनसाचंही विचारते, त्यानंही लेव्हल चढू शकते. आणि काढा. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून शेजारी प्रेमानं देतात, पण इथे तीच शक्ती आम्ही जपून दाबून ठेवलेली असते.

सगळ्याला त्याचं उत्तर 'नाही'. प्रश्न विचारला की तो आईकडे बघत होता. मी म्हटलं, मावशी, खाली जाऊन चहा घेऊन या.

त्या गेल्यावर त्यानं पिशवीतून स्ट्रिप काढली. महिन्यापूर्वी घेतलेली, आत्तापर्यंत संपायला हवी होती. तीत सहा गोळ्या शिल्लक. पगार लांबला म्हणून तीन आठवडे तो सकाळचीच गोळी घेत होता, रात्रीची वाचवत होता. मी रागावले नाही. रागावलं की पुढच्या वेळी स्ट्रिप पिशवीतून बाहेर येत नाही, हे मी फार महाग शिकले आहे. एवढंच म्हटलं, औषधं संपायच्या आठ दिवस आधी मला फोन करायचा, पैशाचं आपण बघू, ट्रस्टची दारं मी ठोठावीन.

12.00. नेफ्रॉलॉजिस्ट सरांनी बघितलं. लघवीची तपासणी, सोनोग्राफी आणि डॉपलर. रक्तपुरवठा नीट, अडथळा कुठे नाही. म्हणजे बायोप्सी.

2.15. नवी किडनी पोटाच्या खालच्या भागात, उजवीकडे, त्वचेपासून फार खोल नसते. उताणं झोपवून, जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत सुई घालतात. टक् असा आवाज होतो, तेवढ्यानंच तो दचकला. तुकडा शेवयाच्या काडीएवढा. मग काही तास हलायचं नाही, आणि पहिली लघवी लाल आहे का ते बघायचं.

बाहेर मावशींनी माझा हात धरला. "माझीच किडनी कमजोर निघाली का वो ताई?" दान देणाऱ्या कितीतरी बायकांनी मला हे विचारलंय. मी त्यांच्या शेजारी बसले. 23 डिसेंबर 1954 ला बोस्टनला डॉ. जोसेफ मरे यांनी पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण केलं, ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये, म्हणून शरीराला ती किडनी परकी वाटलीच नाही. आईचं लेकराशी निम्मंच जुळतं. उरलेल्या निम्म्यावर त्याच्या पांढऱ्या पेशी चालून जातात. तुमची किडनी चांगलीच आहे मावशी, ती मार खातेय.

6.30. पॅथॉलॉजीतून फोन. पेशींमुळे होणारं रिजेक्शन, मध्यम. अँटिबॉडीचं लक्षण नाही, म्हणून मला हायसं वाटलं. ते असतं तर प्लाझ्मा बदलण्यापासून सगळं आलं असतं आणि तरी खात्री नसती. मिथाइलप्रेडनिसोलोन 500 मिलिग्रॅम सलाइनमधून, तीन दिवस. पहिली बाटली सातला लागली. साखर वाढेल, झोप लागणार नाही, हे सिस्टरनी त्याला आधीच सांगितलं. क्रिएटिनिन रोज सकाळी बघायचं.

8.00. वॉर्डात त्याच्याच मोबाइलचा गजर वाजला. त्यानं गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायला. मावशी डबा उघडत होत्या.

"आईला सांगू नका," तो हळूच म्हणाला.

मी सांगणार नाही म्हटलं. तू सांगशील तेव्हा मी शेजारी थांबेन.

त्यानं मान हलवली नाही. सकाळचं रक्त साडेसातला, गोळीच्या आधी, असं त्याच्या वहीत लिहून मी निघाले.