तो वात नव्हता

गेल्या वर्षी नवरात्रात आत्याने पहिल्यांदाच ताट अर्धं सोडलं. "वात धरलाय रे," म्हणाली. बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या आमच्या घरात पोटाच्या प्रत्येक तक्रारीला एकच औषध, हिंगाष्टक चूर्ण. ते सुरू झालं. दिवाळीपर्यंत परकराची नाडी सैल करावी लागली, रात्री तीन-चारदा लघवीला उठणं होऊ लागलं.

आत्या ६७ वर्षांची. "पाळी जाऊन पंधरा वर्षं झाली, आता बायकांच्या डॉक्टरकडे कशाला?" असं ती म्हणाली आणि आम्हाला सगळ्यांनाच ते पटलं. चुकलो ते इथेच. पाळी गेली तरी अंडाशय जागेवरच असतं, आणि त्याचा कर्करोग बहुतेक वेळा पाळी गेल्यानंतरच होतो.

डिसेंबरात सोनोग्राफी केली. अंडाशयात गाठ आणि पोटात पाणी. ऑपरेशननंतर गाठीचा रिपोर्ट आला: कार्सिनोसार्कोमा. जुन्या कागदांत यालाच मिश्र म्युलेरियन ट्यूमर म्हणतात. मी सॉफ्टवेअरवाला, लगेच गूगल केलं आणि रात्रभर झोपलो नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नीट समजावलं. या एकाच गाठीत दोन प्रकारच्या पेशी असतात. काही अवयवाच्या अस्तरासारख्या, तर काही स्नायू किंवा कूर्चा अशा आधार देणाऱ्या भागांसारख्या. दोन वेगळे कर्करोग एकत्र आल्यासारखे दिसतात, पण बहुतेकदा मूळ एकच असतं. अस्तराच्या कर्करोगातल्याच काही पेशी रूप बदलतात. म्हणून उपचारही अंडाशयाच्या नेहमीच्या कर्करोगासारखेच: आधी शस्त्रक्रिया, मग कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही केमो. अंडाशयाच्या १०० कर्करोगांत असे साधारण १ ते ४ असतात. पण हा वेगाने पसरतो, त्यामुळे गेलेला प्रत्येक महिना महाग पडतो.

पॅप तपासणीत हा दिसेल असं मला वाटायचं. ती तपासणी गर्भाशयाच्या मुखाची असते, अंडाशयाची नाही. सीए-१२५ ही रक्ततपासणीही एकटी पुरत नाही. काहीच त्रास नसताना अंडाशयाचा कर्करोग खात्रीने पकडेल अशी चाचणी आज नाही. म्हणून घरातल्या बाईचं बोलणं नीट ऐकणं फार महत्त्वाचं.

पन्नाशीनंतर नव्यानेच पोट फुगणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवी, यातलं काहीही महिन्यात १२ पेक्षा जास्त वेळा होत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि सोनोग्राफीबद्दल विचारा. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर एकदाच दिसलं तरी लगेच जा. बऱ्याचदा कारण साधंच निघतं. निघू दे.

आत्याच्या सहा केमो झाल्या. डोक्यावर बारीक केस आलेत, दर तीन महिन्यांनी तपासणी असते. पुढचं कुणी सांगू शकत नाही, हे तिला माहीत आहे.

परवा तिने मला विचारलं, "तुझ्या आईला विचारलंस का रे, पोटाचं?"

विचारलं नव्हतं. भाच्याने, मुलाने हे कसं विचारायचं, हा संकोच. त्याच रात्री विचारलं. तुम्हीही विचारा.