बाळाची झोप, घराची जाग

नवजात बाळ दिवसाकाठी साधारण १६ तास झोपतं. मग घरातल्या मोठ्यांच्या झोपेचं खोबरं का होतं? कारण ही झोप सलग नसते. बाळाचं जठर लहान, आईचं दूध पचायला हलकं. त्यामुळे दर दोन-तीन तासांनी भूक लागते. दिवस-रात्र ओळखणारं मेंदूतलं घड्याळही लयीत यायला दोन-तीन महिने लागतात. रडणं तर सुरुवातीला वाढतच जातं आणि सहाव्या आठवड्यानंतर हळूहळू ओसरतं, असं अमेरिकन बालरोगतज्ज्ञ ब्रेझल्टन यांनी १९६२ साली ८० बाळांच्या नोंदींवरून दाखवलं. म्हणजे बाळ रडतं ते आईला जमत नाही म्हणून नव्हे!

आता आईकडे पाहू. वार पडली की इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं काही दिवसांतच झपाट्याने उतरतात. त्यात जागरणं. पहिल्या आठवड्यात रडू येणं, चिडचिड होणं अनेकींच्या बाबतीत घडतं आणि आपोआप निवळतं. पण उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर तो आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. ‘बाळंतिणीची नाटकं’ म्हणून दुर्लक्ष करणं धोक्याचं.

आणि बाबा? फिलिपीन्समधल्या सेबू इथे ६२४ तरुणांचं टेस्टोस्टेरॉन २००५ आणि २००९ मध्ये मोजलं गेलं. मधल्या काळात बाप झालेल्यांमध्ये ते इतरांपेक्षा बरंच जास्त उतरलं होतं. रोज तीन किंवा अधिक तास बाळाचं करणाऱ्या बापांमध्ये ते, बाळाचं काहीच न करणाऱ्या बापांपेक्षा कमी होतं. यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे एवढ्यावरून ठरत नाही. पण बाळाला वाढवण्याची तयारी फक्त आईच्याच शरीरात होते, असं मात्र आता म्हणता येणार नाही.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात. आईला आराम मिळतो. पण नेमक्या याच आठवड्यांत बाप पाहुण्यासारखा येऊन जातो. अंगावर पाजणं सोडलं तर दुपटी बदलणं, ढेकर काढणं, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणं हे सगळं त्यालाही शिकता येतं. तेवढ्यात आईची एक झोप होते.

प्रजननाचा धडा आपण जन्मापाशी थांबवतो. तो थोडा पुढे नेऊ या. ज्यांच्या घरी किंवा शेजारी तान्हं बाळ आहे, अशा मुलामुलींना एका दिवसाचा तक्ता करायला सांगावं: बाळ कधी झोपलं, कधी प्यालं, कधी रडलं. शेवटचा रकाना मात्र विसरू नये: तेव्हा कोण जागं होतं?